वाचल्याची नोंद

(ओमती, जबलपूर येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानाची मुद्रित प्रत)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते ते वकील होते, आणि समोर बसलेल्यांतले निम्मे तरी काळा कोट घरी ठेवून आलेले दिसतात. ओमतीत वेगळे काय होणार? जिल्हा न्यायालय जवळ, उच्च न्यायालयही फार लांब नाही, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा बोलणे पेशीच्या तारखेचेच. म्हणून मी संगणकातला असा एक विषय निवडला, की ज्यात अभियंत्यांनी आपल्या अडचणीपोटी एक निर्णय घेतला, तो निर्णय योग्यच होता, पण त्याचा परिणाम ज्यांच्यावर व्हायचा होता त्यांना कुणी सांगितलेच नाही.

फाइल शेवटची कधी उघडली गेली, असा प्रश्न आहे. संगणकाला विचारले तर तो तारीख, तास, मिनिट, सेकंद असे चोख उत्तर देतो. माझे म्हणणे एवढेच, की या उत्तराला माफीच्या साक्षीदाराच्या जबानीइतकी किंमत द्यावी. ऐकून घ्यावे, टिपून ठेवावे, पण दुसऱ्या पुराव्याचा टेका मिळेपर्यंत त्यावर कुणाला दोषी धरू नये. जबलपूरला हे मी काय सांगणार! ब्रिटिश अधिकारी स्लीमनने 1830च्या दशकात ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली तिचे ठाणे हे शहर, आणि तिचा पाया माफी मिळालेल्या ठगांच्या जबान्या. अशा साक्षीला दुजोरा शोधायचा असतो हे 1872च्या पुरावा कायद्यात नंतर आले. संगणकाच्या वेळेच्या शिक्क्याला मात्र आपण बिनदिक्कत शपथेवरचे विधान मानतो.

आधी कागदाबद्दल. हे शहर 1817च्या अखेरीपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते, तेव्हा मराठी दफ्तराचे उदाहरण परके वाटू नये. जुनी मराठी पत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ठाऊक आहे, की एका पत्रावर किती खुणा असत. लिहिल्याची मिती असे. शिक्कामोर्तब असे. जावकेत चढल्याची खूण असे. पत्र पोचले की पाठीवर पैवस्तीची तारीख पडे, आणि पत्रातल्या मितीला वर्षच नसेल तर इतिहास-संशोधक पुष्कळदा या पैवस्तीवरूनच मार्ग काढतात. इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या त्या दफ्तरात एक नोंद मात्र नाही. पत्र वाचले कधी, आणि पुन्हा काढून कितीदा वाचले, याची. कागदावर वाचण्याचा वळ उमटत नाही. पोचले म्हणजे वाचले असे धरून चालायचे, एवढेच.

संगणकाने ही नोंद ठेवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली, आणि तिच्यात फाइलीच्या वर्णनात शेवटच्या वापराची वेळही ठेवली. हे वर्णन फाइलीच्या मजकुरात नसते. ते वेगळ्या जागी, आयनोड नावाच्या छोट्याशा नोंदीत असते. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे कुठे पडला आहे, आणि वेळा. फाइलीचे नावसुद्धा या नोंदीत नसते, ते फोल्डरच्या यादीत असते. 1979च्या सातव्या आवृत्तीपर्यंत आज ओळखीच्या असलेल्या तीन वेळा स्थिरावल्या होत्या. मजकूर बदलल्याची वेळ, तिला एम-टाइम म्हणतात. आयनोडमधली नोंद बदलल्याची वेळ, म्हणजे सी-टाइम. तिला पुष्कळ जण निर्मितीची वेळ समजतात, आणि तज्ज्ञांच्या अहवालांतही हा घोटाळा सापडतो. तिसरी वाचल्याची वेळ, ए-टाइम. आजचे व्याख्यान तिच्यावर आहे.

या वेळा सेकंदांत मोजतात आणि मोजणीचा आरंभ 1 जानेवारी 1970 रोजी ग्रिनिचच्या मध्यरात्री धरतात. तेव्हा घंटाघराजवळ पहाटेचे साडेपाच वाजले होते.

आता गंमत पाहा. लिहिल्यावर वेळ नोंदवणे स्वस्त आहे, कारण डिस्कवर लिहायला आपण निघालोच आहोत, जाता जाता वेळही लिहिली. वाचण्याचे तसे नाही. वाचायला डिस्कवर काहीही लिहावे लागत नाही, पण वाचल्याची वेळ लिहावी लागते. म्हणजे प्रत्येक वाचनाच्या पोटात एक लेखन आले. रेकॉर्ड रूममध्ये नस्ती पाहायला आलेल्या प्रत्येकाची सही रजिस्टरात घ्यायची असे ठरवले, आणि तेही दिवसातून शंभरदा येणाऱ्या मोहर्रिराची शंभर वेळा, तर नस्त्या दाखवायचे काम बाजूला राहून रजिस्टर भरणेच चालेल.

अतिशयोक्ती वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. जुन्या पद्धतीत वेळ मावायची चार बाइटांत. पण डिस्कवर चार बाइट एकटे लिहिता येत नाहीत. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवरच्या ईएक्सटी-4 या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत एक ठोकळा साधारणपणे 4,096 बाइटांचा असतो आणि त्यात 256 बाइटांचे 16 आयनोड शेजारी-शेजारी बसतात. एका फाइलीचा शिक्का बदलायचा तर तो अख्खा ठोकळा पुन्हा लिहायचा. वीज गेली तर घोळ होऊ नये म्हणून ही व्यवस्था एक रोजनामा ठेवते, म्हणजे ठोकळा आधी तिथे, मग मूळ जागी, असा दोनदा लिहिला जातो. फाइलीचा मजकूर आधीच स्मृतीत येऊन पडलेला असला आणि वाचताना डिस्कला हातही लागला नसला, तरी शिक्क्यासाठी डिस्कपर्यंत जावे लागते. हजारो फाइलींच्या फोल्डरात एक शब्द शोधला तर हजारो शिक्के उठतात. मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये जी फ्लॅश स्मृती असते तिचे आयुष्य लिहिण्याच्या फेऱ्यांवर ठरते. ते आयुष्य वाचनाने झिजवायचे, हा उलटाच न्याय झाला. बीटीआरएफएससारख्या व्यवस्थांत तर जुन्या स्थितीची गोठवलेली प्रत काढल्यावर, नुसते वाचत गेलात तरी शिक्क्यांपायी नव्या प्रती होतात आणि जागा खाल्ली जाते.

2007च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारा हंगेरियन अभियंता इंगो मोल्नार याने जाहीरपणे लिहिले, की लिनक्सच्या डिस्क-वापरातली सर्वांत मोठी मंदी या एका शिक्क्यापायी आहे. युनिक्सच्या मूळ कल्पकांबद्दलचा नेहमीचा आदर त्याने त्या दिवशी बाजूला ठेवला होता. कल्पना मूर्खपणाची आहे असेच त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. 1970च्या दशकात ज्या खोलीतली सगळी माणसे एकाच यंत्रावर काम करत, तिथे कोणत्या फाइली पडून आहेत हे कळणे गरजेचे होते, कारण डिस्कची जागा फार महाग होती. कल्पना आपल्या काळाला शोभणारीच होती. पुढे फाइली लाखांवर गेल्या आणि तिला ते ओझे पेलवेना.

मग शिक्का बंद का करत नाही? करता येतो. नो-एटाइम नावाचा पर्याय आहे, आणि सर्व्हर सांभाळणारी मंडळी तो वर्षानुवर्षे वापरत आली आहेत. पण शिक्क्यावर पोट असलेली काही कामे होती. जुन्या पद्धतीत एका माणसाचे सगळे ई-टपाल एकाच फाइलीत असे. नवे पत्र आले आहे का, हे टपाल वाचणारा प्रोग्राम कसे ओळखी? एम-टाइम ए-टाइमच्या पुढे असेल तर पत्र पडले आहे, पण अजून कुणी पाहिलेले नाही. शिक्का बंद केला की हे गणित कोलमडले. दुसरे काम तात्पुरत्या फाइली झाडून काढण्याचे. बरेच दिवस न वाचलेल्या फाइली पुसणारे प्रोग्राम हाच शिक्का बघतात. तो थांबला, तर रोज लागणारी फाइल त्यांच्या लेखी महिनोन्महिने बेवारस.

यावर तोडगा निघाला त्याचे नाव रेल-एटाइम. वॅलरी हेन्सन यांनी तो सुरू केला आणि 2007 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. मॅथ्यू गॅरेट यांनी त्याला एक दिवसाची मुदत जोडली. जून 2009 मध्ये आलेल्या 2.6.30 या आवृत्तीपासून, मुद्दाम काही न सांगितल्यास, लिनक्स याच नियमाने चालते. नियम असा, की वाचनाचा शिक्का बदलाच्या शिक्क्याहून जुना असेल किंवा बदलाच्याच वेळेचा असेल तर नवा उठवायचा. नाही तर, जुना शिक्का उठून 24 तास उलटले असतील तरच. बाकी वाचने नोंदवायची नाहीत. टपालाचे काम भागले, झाडलोटीचे भागले, डिस्कही सुटली. अभियांत्रिकी म्हणून मला हा नियम फार आवडतो. दोन-चार ओळींत एवढे जुने भांडण मिटवलेले मी क्वचितच पाहिले आहे.

पण वकिलांनी इथे थांबून हिशेब करावा. एका कार्यालयात सोमवारी सकाळी अकराला कारकुनाने बऱ्याच दिवसांनी एक फाइल उघडली. शिक्का पडला, सोमवार अकरा. चार वाजता साहेबांनी तीच उघडली. शिक्का हलला नाही, मजकूर बदललेला नाही आणि दिवस भरला नाही. मंगळवारी साडेदहाला तिसऱ्याने उघडली, चोवीस तासांना अर्धा तास कमी. शिक्का अजून सोमवार अकराच. आता यंत्र जप्त झाले आणि तज्ज्ञाने अहवालात लिहिले, ‘फाइल शेवटची उघडल्याची वेळ : सोमवार, सकाळी 11’. अहवाल खोटा नाही, शिक्का तसाच आहे. पण ज्याला तो शेवटचे वाचन म्हणतो ते एका दिवसाच्या खिडकीतले पहिले वाचन आहे. साहेब चार वाजता जागेवर होते की नागपूरला, याबद्दल शिक्का काहीच बोलत नाही, आणि कारकुनाला मात्र पिंजऱ्यात उभा करतो.

विंडोजची वाट वेगळी, पण पोचते तिथेच. जुन्या एफएटी पद्धतीत, जी अजून कित्येक पेन ड्राइव्हमध्ये आहे, वाचल्याची फक्त तारीख राहते, तास-मिनिट नाहीच. नंतरच्या एनटीएफएसमध्ये वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत मांडलेली असते, पण वाचनाचा शिक्का डिस्कवर उतरायला तासभर उशीर चालतो. मोजपट्टी सोनाराची, हात कोळशाच्या वखारीतला. आणि 2007च्या व्हिस्टापासून कंपनीने हा शिक्का मुळातच बंद करून दिला. विंडोज 10च्या पुढच्या आवृत्त्यांत तो चालू ठेवायचा की नाही हे यंत्रणा स्वतः ठरवू लागली. तेव्हा विंडोज यंत्राच्या अहवालात ‘लास्ट अ‍ॅक्सेस’चा रकाना भरलेला दिसला, तर त्या यंत्रावर तो शिक्का चालू होता का, हे आधी विचारावे. बंद असेल तर रकान्यातली वेळ बहुधा फाइल तिथे आली तेव्हाची आहे.

बरे, शिक्का खरा पडला असे धरू. तो कुणी पाडला? ए-टाइममध्ये नाव नसते. माणूस वाचतो, तसा विषाणू शोधणारा प्रोग्रामही वाचतो. फोल्डर उघडल्यावर चित्रांची छोटी रूपे दाखवायला यंत्रणा आत डोकावते. रात्री बॅकअप घेणारा प्रोग्राम सगळ्या फाइली ओळीने वाचून काढतो. कार्यालयातली सामायिक डिस्क असेल तर आणखी एक वळण आहे. समोरच्या यंत्राने फाइल एकदा आणून आपल्या स्मृतीत ठेवली की पुढची वाचने मूळ सर्व्हरला कळतही नाहीत. म्हणजे न वाचणाऱ्याचा शिक्का पडतो आणि वाचणाऱ्याचा राहून जातो. मुद्दाम खोटे करायचे म्हटले तर युनिक्समध्ये टच नावाची आज्ञा आहे. ए-टाइम आणि एम-टाइम पाहिजे त्या तारखेला नेऊन बसवता येतात. सी-टाइम मात्र त्या आज्ञेने बसवता येत नाही, उलट फेरफार केल्या क्षणाची वेळ त्यात पडते. कसलेला तपासनीस म्हणूनच या तीन वेळा शेजारी-शेजारी मांडून पाहतो.

वेळ कुणाच्या घड्याळाची, हाही प्रश्न आहे. जबलपूरला तो नवा नसावा. 1870 मध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे याच शहरात जोडल्या गेल्या, आणि त्या दोन शहरांच्या घड्याळांत तेव्हा तासाहून जास्त फरक होता. आजही आपला सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या दहा मिनिटे मागे असतो. एफएटी यंत्राची स्थानिक वेळ लिहिते, एनटीएफएस जागतिक वेळ लिहिते. पेन ड्राइव्हवरची फाइल आणि लॅपटॉपवरची तिची प्रत यांत साडेपाच तासांचे अंतर दिसले, तर कटाचा वास घेण्याआधी तज्ज्ञाचे यंत्र कोणत्या प्रमाणवेळेवर होते ते बघावे.

मराठी मुलखातला एक खटला इथे आठवावाच लागतो, कारण तो वेळेवरच लढला गेला. 2014च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे, की 27 सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत संपल्यावर खोतकरांचा अर्ज घेतला गेला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. त्या चित्रणासाठी पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र हवे होते. गोरंट्याल मागत राहिले, ते मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली, ती नुसत्या चित्रणावर विसंबून नाही. अधिकाऱ्याची उलटतपासणी झाली आणि तिच्यातूनही उशीर दिसून आला. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी हा निकाल कायम केला. प्रमाणपत्र सक्तीचेच, पण सर्व प्रयत्न करूनही ते देणाऱ्याने दिले नाही तर त्या पक्षाला अडवता येणार नाही, असे ठरले. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की यंत्राची वेळ आणि माणसाची साक्ष दोन्ही एकाच दिशेला गेल्या.

दुसरे प्रकरण अजून न्यायप्रविष्ट आहे, म्हणून जपून बोलतो. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी 2018 मध्ये एका आरोपीचा लॅपटॉप जप्त केला. बचाव पक्षासाठी तो तपासणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी 2021च्या अहवालात म्हटले, की आक्षेपार्ह कागद बाहेरून घुसवले गेले, आणि ते ज्या लपवलेल्या फोल्डरात होते तो फोल्डर किंवा त्यातले महत्त्वाचे कागद त्या यंत्रावर कधी उघडल्याचा काही पुरावा नाही. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. कोण खरे, ते न्यायालय ठरवील. माझा मुद्दा पद्धतीचा आहे. ‘उघडलेच नाही’ हे वाक्य ए-टाइमच्या भरवशावर कुणी लिहू शकत नाही. उघडल्यावर विंडोज इतर ठिकाणी माग सोडते, अलीकडच्या फाइलींच्या यादीत, आपोआप तयार होणाऱ्या शॉर्टकटमध्ये, फाइलीला चिकटणाऱ्या ओळख-क्रमांकात. ते सगळे धुंडाळून काही सापडले नाही, तरच ‘पुरावा नाही’ असे म्हणता येते. आणि त्यावर समोरच्या वकिलाने कुठे कुठे शोधले हे विचारणे, हा त्याचा हक्क आहे.

शेवटी रोजच्या कामाचे. जप्त केलेले यंत्र नुसते चालू केले तरी हजारो शिक्के बदलतात. ईएक्सटी-4ची डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून जोडली, तरी तिचा रोजनामा अर्धवट राहिला असेल तर यंत्रणा तो पुरा करायला डिस्कवर लिहिते. म्हणून लिखाण अडवणारे उपकरण मध्ये घालून डिस्कची पूर्ण प्रत काढतात आणि प्रतीवर काम करतात. नुसता शिक्का पाहिल्याने शिक्का बदलत नाही, फाइल उघडल्याने बदलू शकतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा. मजकुरात एक काना बदलला तरी आकडा बदलतो. हा मोठा फायदा आहे, पण कुणालाही निर्धास्त राहू देऊ नये असा एक बारकावा त्यात आहे. शिक्के मजकुरात नसतात, आयनोडमध्ये असतात, हे मी मघाशी सांगितले. म्हणजे एका फाइलीचा हॅश काढला, मग ती दहा वेळा उघडली, टच वापरून शिक्का दोन वर्षे मागे नेला, आणि पुन्हा हॅश काढला, तरी आकडा तोच येणार. प्रमाणपत्र बरोबर आणि वेळ खोटी, असे सुखाने नांदू शकते. अख्ख्या डिस्कच्या प्रतीचा हॅश असेल तर आयनोडही त्यात आले, आणि हॅश काढल्यानंतर कुणी शिक्क्याला हात लावला तर ते उघडकीस येईल. तेव्हा वेळेवर युक्तिवाद उभा असेल अशा प्रकरणात प्रमाणपत्र हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, की हा आकडा फाइलीचा की डिस्कचा. फाइलीचा असेल, तर डिस्कच्या प्रतीची मागणी करणारा अर्ज त्याच पेशीला द्या. यंत्र चालू राहिले तर पुढच्या पेशीपर्यंत शिक्के तसेच राहतील याची हमी कुणी देत नाही.